आई आत, आम्ही ओट्यावर

सोनई, नवं घर (पत्ता सध्या ओट्यापर्यंतच खरा आहे)
भर वैशाखातली दुपार

तीर्थस्वरूप श्रीमंतदाजी यांच्या चरणी मेहुणा अजिनाथचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. परवा ट्रंक उचलताना कंबरेत चमक भरली, तेव्हापासून मी देवापुढेसुद्धा उभ्यानेच हात जोडतो.) लंकाअक्कालाही नमस्कार सांगा. तुमची तब्येत ठणठणीत असेल, कांदा चाळीत पडला असेल आणि तुम्ही चाळीच्या सावलीला बाज टाकून पडला असाल, असं धरून चालतो. आम्ही सगळे खुशाल. आई तर फारच खुशाल आहे, पण ते पुढे येईलच. तुमच्याकडे काही मागायचं म्हणून हे पत्र नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही इथेच चष्मा काढून ठेवाल.

फोन सोडून पत्र का, तर त्याला तुम्हीच कारण आहात. आम्ही शनिशिंगणापूर सोडून सोनईला राहायला चाललो (सत्यशीलेच्या शिवणकामाला इथे पुढची खोली मिळते, आणि तिथल्या पत्र्याखाली उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो), हे कळल्यावर तुम्ही प्रेमाने काष्टीच्या बाजारातून भलंमोठं पितळी कुलूप घेऊन पाठवलंत. आता घराला दारच नाही अशा गावात जन्म काढलेल्या माणसाला कुलपातलं काय कळणार? मी म्हटलं, नव्या घरी जायच्या आधी थोडा सराव असलेला बरा. म्हणून सामान बांधताना ते ट्रंकेला लावून पाहिलं. किल्ली हरवू नये म्हणून ती आधीच ट्रंकेत नीट ठेवली होती, आणि किल्लीच्या शेजारी मोबाईल. कुलूप नुसतं दाबलं तरी बसतं आणि मग किल्लीशिवाय उघडत नाही, हे तुम्ही सोबत सांगायला हवं होतं. त्यानंतर तुमचे फोन ट्रंकेत वाजत राहिले आणि आम्ही भोवती बसून ऐकत राहिलो. (तुमच्या नंबराला वेगळी रिंग आहे, त्यामुळे तुम्हीच आहात हे समजायचं.) मग बॅटरी संपली. दुसऱ्याच्या फोनवरून लावावा तर तुमचा नंबरही त्यातच. कुलूप फोडावं तर तुमची भेट. आई तेवढं म्हणाली, "देवाच्या गावात कुलूप लावलंस न्हवं? भोग आता."

खरी अडचण कुलपाची नव्हतीच, आईची होती. दाराच्या घरात राहायला यायला ती तयार नव्हती. दार लावायचं म्हणजे शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हणायचं, असं तिचं मत. आणि सत्यशीलेने मला बजावलेलं, की नव्या घरात दूध उतू घालायचं ते सासूबाईंच्याच हाताने, त्या येणार नसतील तर मीही येत नाही. (या दोघींचं एकमत झालं की मला हमखास त्रास होतो.) म्हणजे टेम्पो ठरलेला, भांडी पोत्यात, कपाट दोरीने आवळलेलं, आणि आई मधोमध बसून लसूण सोलतेय. मला वाटायचं, तिला त्या घरातली वर्दळच आवडते. शेजारीपाजारी येतात, तहानलेले भाविक थेट माठापर्यंत येतात. मागच्या अमावास्येला तर बाहेरगावचं एक कुटुंब, बिनदाराचं घर आतून बघायचंय म्हणत शिरलं आणि वेणी घालत बसलेल्या आईला मध्ये घेऊन फोटो काढून गेलं. फणी केसातच होती. आई हसली, म्हणून आम्हीही हसलो.

शेवटी काल, नुसतं बघून ये, पटलं नाही तर संध्याकाळी परत, असं कबूल करून तिला इथे आणलं. ती माठ घेऊन आत गेली, पंख्याखाली बसली. मी आणि सत्यशीला टेम्पोतून मशीन आणि दोनचार पोती उतरवत होतो, तेवढ्यात वावटळ आली आणि दार धाडकन लागलं. हे दार असं, की एकदा लागलं म्हणजे लागलं, बाहेरून किल्लीच हवी, आणि किल्ली आत खुंटीला. (किल्ली आत ठेवायच्या माझ्या सवयीबद्दल सत्यशीला जे बोलली, ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.) ओटा असा तापलेला की आम्ही दोघं एकेक पाय उचलून उभे. आरडाओरडा ऐकून शेजारचे काकासाहेब आले आणि त्यांनी खिडकीतून आईला मूठ कशी फिरवायची ते शिकवलं. आईने फिरवली. दार उघडलं. आम्ही आत पाय टाकणार, तोच तिने हात आडवा केला. म्हणाली, "थांब, मला परत येतंय का बघू दे." लावलं, उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. नव्या नवरीने आरशात बघावं तसा तिचा चेहरा झाला होता, दाजी. मग तिने दार लावलं ते लावलंच.

त्याला आज दुसरा दिवस. भाकरी खिडकीतून आत जाते, घासलेली ताटली खिडकीतून बाहेर येते. आम्ही पथारी ओट्यावर टाकली. सत्यशीलेने मशीनही ओट्यावरच मांडलं आणि तिला एक गिऱ्हाईक मिळालंसुद्धा. मी खिडकीशी जाऊन विचारलं, आई, कोंडून घेऊन भीती नाही का वाटत? तर म्हणाली, "कशाची भीती? लगीन होऊन आले तवापासनं माज्या घरात कुनीबी कवाबी येतंय. पदर सारखा करायलाबी सवड न्हाई गावली. जरा बसू दे मला." फणी केसात असताना ती हसली होती, ते मला आठवलं. मग ओट्यावर ऊन आलं, म्हणून मी काकासाहेबांच्या लिंबाखाली जाऊन बसलो.

हे पत्र शिंगणापूरच्या छगनबरोबर देतोय. तो शेळी बघायला काष्टीच्या बाजारला निघालाय. शेळी नाही जमली तरी पत्र पोचेल. उन्हात हिंडू नका, ताक पीत जा. थोरांना आणखी काय लिहिणार!

तुमचाच,
ओट्यावरचा अजिनाथ

ता. क. : कुलपाला किल्ल्या दोन असतात, असं काकासाहेब सांगतात. दुसरी तुमच्याकडे राहिली असेल तर पाठवा. छगनकडे मात्र देऊ नका, त्याच्या खिशात काही टिकत नाही. अक्काच्या हाती दिलीत तर बरं.

ता. क. दुसरा : अक्काच्या हाती का, ते सांगतो. मघाशी मी खिडकीतून हात जोडले, निदान दूध उतू घालण्यापुरतं तरी उघड म्हटलं. आतून उत्तर आलं, "लंकीला बोलवा. ती आली की उघडीन, आन् ती आत आली की परत लावीन. लेकीसंगं एकदा दार लावून बोलायचं हाय मला." तेव्हा दाजी, कांदा चाळीत सुखरूप राहील, तुम्ही अक्काला घेऊन उद्याच या.

ता. क. तिसरा : आल्यावर दारावर टकटक करायची असते म्हणे. आम्हाला ते माहीत नव्हतं, आम्ही कालपासून नुसत्या हाका मारतोय. अक्काला मात्र टकटकही करावी लागणार नाही. आई मघापासून पंखा सोडून दाराला कान लावून बसली आहे.