विमान कोणाच्या हातात होतं

अंधेरी, मार्च १९८४

चंद्रप्रकाश,

'प्रिय' लिहायला हात धजावला नाही.

काल आई आणि मी मुलुंडला तुझ्या घरी आलो. आई वाकली, तुझ्या प्लास्टरमधल्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "माझ्या हर्बर्टच्या हट्टामुळे तुझी ही दशा झाली. त्याला माफ कर रे बाबा." तू म्हणालास, "जाऊ द्या आंटी, झालं ते झालं."

अपघातात माझा भाऊ गेला, तू वाचलास. इस्पितळात माझा हात धरून रडला होतास. "विमान मी उतरवत होतो, इनेझ. त्या जंगलातल्या मातीच्या धावपट्टीवर गुरं आली होती. हर्बर्ट सांगत होता, परत वर घे. मी ऐकलं नाही." मी तुला थोपटत राहिले.

मग चौकशीत तू सांगितलंस, विमान हर्बर्टच्या हातात होतं, तुझं न ऐकता त्यानेच हट्टाने उतरवलं. लायसन्स जाईल म्हणून घाबरला असशील. वाटलं, आईला समोर पाहून तरी खरं बोलशील. म्हणून मी तिला येऊ दिलं.

परतताना बसस्टॉपवर मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याने मला पायाला हात का लावू दिला गं?"

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. उद्या चौकशी अधिकाऱ्यांसमोर मी जबाब देणार आहे; तुलाही तिथे बोलावलंय. आई सोबत येतेय. तिचा प्रश्न ती तुलाच विचारेल.

हर्बर्टची बहीण,
इनेझ