आत कोणी असेल तर

आई, तू कुठलंही दार लावताना आधी हाक मारायचीस. गोठ्याचं असो, पडवीचं असो, "कोण हाय काय आत?" मी हसायचे. "रिकाम्या खोलीला काय विचारतेस?" "रिकामी हाय हे तुला कोणी सांगितलान?" मिरजोळ्याच्या मासळीच्या कारखान्यात, शीतगृहात तू काम करायचीस, ही सवय तिथली. त्या संध्याकाळी दार तू लावलं नाहीस. पाळी सुटताना सुपरवायझरने सगळ्या बायकांची हजेरीची कार्डं एकगठ्ठा मशीनला लावली, रोजच्यासारखी; आत शून्य माणसं दिसली आणि त्याने दार लावलं. तू आत कोलंबीचे खोके रचत होतीस. आतली कडी बर्फाने धरली होती. सकाळी तुला बाहेर आणलं ते चादरीत गुंडाळून. तो एवढंच म्हणत राहिला, "मशीन शून्य दाखवत होतं, मी काय करू?"

मी आता घरातली पहिली पदवीधर. रत्नागिरीतच एका छोट्या ऑफिसात संगणकाच्या अगदी गाभ्यातलं, कर्नलचं काम करते. दुसऱ्या यंत्रावरच्या फायली नेटवर्कवरून जोडून घ्यायच्या आणि काम झालं की जोडणी सोडायची, म्हणजे अनमाउंट करायचं. नेमकं तेव्हाच आमचं यंत्र कोसळत होतं. मग कारण सापडलं. एक काम उत्तराची वाट बघत अजून आतच असायचं, पण आत किती कामं आहेत त्या मोजणीतून आधीच वजा झालेलं. शून्य दिसलं की कर्नल ती जागा मोडून टाकायचा. मग उत्तर यायचं, ते काम उठायचं, आणि पायाखाली काहीच नाही.

साहेब म्हणाले, "सोडायच्या आधी तीन सेकंद थांबव गो, बास. गिऱ्हाईक बोंबलतंय." मी म्हटलं, "अंदाजाने नको, सर. काम स्वतः बाहेर आलं की मगच वजा करायचं. शेवटचं येईपर्यंत थांबायचं."

"आणि ते आलंच नाही तर? जन्मभर थांबशील?"

"थांबेन."

ते हसले. कारण मी सांगितलं नाही. दुरुस्ती लागली, यंत्र कोसळत नाही. हा कोड खुला आहे, कुठल्याही गावातल्या यंत्रात तो जाईल, याचं मला फार समाधान वाटतं. तुझ्यासाठी मात्र तो उशिराच.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते. साहेबांना मी ठामपणे सांगितलं खरं, पण किती थांबायचं ते मला ठाऊक नाही. तू गेल्यापासून बाबा रोज रात्री घराचं दार नुसतं लोटतात, कडी लावत नाहीत. इतकी वर्षं मी त्यांच्यावर चिडत होते. काल ते आधी झोपले. मी उठून दारापाशी गेले, कडीला हात लावला, आणि ती न लावताच परत आले.