ऊन भात

श्रीवर्धन, कार्तिकातला मंगळवार

हे आगबोटीने मुंबईहून आलेत. मला इंग्रजी शिकवायचं खूळ डोक्यात घेतलंय. आज म्हणाले, "तुझा रोजचा दिवस इंग्रजीत सांग. ऑलवेज, समटाइम्स, नेव्हर, तिन्ही आले पाहिजेत."

जुळवून जुळवून सांगितलं. मी नेहमी सगळ्यांच्या मागून जेवते. कधीकधी कालवण उरतं. ऊन भात मी कधीच खात नाही.

मराठीत हे कधी तोंडातून निघालं नव्हतं. यांनी ऐकलं असेल ना?

"शाब्बास! एकही चूक नाही," म्हणाले, आणि पाटावर बसले. मी ऊन भात वाढला. "तूही बस" म्हणतील म्हणून जरा तिथेच थांबले.

"वा! भात कसा ऊन ऊन आहे गं," म्हणाले.