खोक्यातलं पिठलं

प्रिय बाबा,

आज माझ्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या किचनमध्ये अजबच झालं. अवनीसाठी अमेरिकन मॅक अँड चीजचं खोकं आणलं होतं, लहानपणी तुम्ही मला करून घालायचात तेच. खोक्यावर लिहिल्याप्रमाणे मॅकरोनी उकडली, दूध घातलं, बटर घातलं, ती पिवळी चीज पावडर घातली. चांगलं झालं, पण माझ्या आठवणीतली चव काही आली नाही.

आई गेली त्या वर्षी अल मनखूलच्या आपल्या जुन्या घरात मी जेवण सोडलं होतं. तुम्हाला पिठल्याखेरीज काही येत नव्हतं. मग त्या खोक्यातली पिवळी पावडर बघून तुम्ही काय केलं असेल?

मी दुसरं खोकं फोडलं. तेल तापवून मोहरी, हिंग, कढीपत्ता, लसूण घातला आणि पावडर बेसनासारखी पाण्यात कालवून त्यात ओतली.

बाबा, तो वास! मला अल मनखूलचं किचनच दिसलं. ऑफिसचा शर्टही न बदलता तुम्ही ओट्याशी उभे होतात, "यल्ला इरा, चल, दोनच घास" म्हणत. तेवढ्यात अवनी धावत आली, "ममा, इट स्मेल्स लाइक आबा!"

इतकी वर्षं जे मी अमेरिकन समजून मिटक्या मारत आठवत होते, ते तुमचं पिठलं होतं.

हे पत्र मी पाठवणार नाही. शुक्रवारी तुम्ही येताय. चूक कळली, तर चष्मा लावून खोकं वाचाल आणि अवनीला अगदी बरोबर करून घालाल.

दोन घासांवर वाढलेली,
इरा