डोळे आखायचा राहिलेला गणपती

वन्सं,

पेणहून पहिल्या एस.टी.ने मुंबईच्या इस्पितळात औषध सुरू करायला जातेय. तुमचे भाऊ ज्या एड्सने गेले, त्याचा विषाणू माझ्याही रक्तात निघालाय. मी धडधाकट दिसते खरी, पण डॉक्टर म्हणाले, "बाई, ताप नसला तरी आत दाह धुमसतोय. औषध आत्ताच सुरू केलंत तर तो बराच निवेल."

गोळ्या जेवणावर घ्यायच्यात, म्हणून महादेवाला सांगून आजचा सोमवार मोडला. संध्याकाळी देवाजवळ निरांजन तेवढं लावा.

कारखान्यातल्या त्यांच्या शेवटच्या गणपतीवरचं फडकं काढू नका. "ताप उतरला की डोळे आखतो," म्हणत ते गेले. पहाटे अजून त्यांचा ब्रश वाटीत खळखळताना ऐकू येतो मला.

परत आले की त्याचे डोळे मी आखीन.

मंजुळा