बाळासोंच्या तोंडचा घास

आदरणीय नसरीनआपा यांना धाकट्या इकबालचा सलाम.

तुमची आणि दुलाभाईंची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. (दुलाभाईंचा खोकला आजऱ्यातल्या काजू कारखान्यांच्या धुराचा आहे, त्याला मी काही करू शकत नाही.) अम्मीचे गुडघे दुखतात, पण रोजा एकही चुकलेला नाही. फोन सोडून पत्र कसं काय, असं म्हणाल. शेजारचे बाळासो हल्ली दिवसभर आमच्याच घरात बसून असतात, आणि जे सांगायचं आहे ते त्यांच्याबद्दलच आहे.

दुलाभाईंनी दिलेल्या कबुतरांच्या जोडीला दोन पिल्लं झाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. एक गुबगुबीत झालं. दुसरं लिंबाएवढं होतं ते लिंबाएवढंच राहिलं आणि आईबाप त्याला चारीनात. मी ते कुशनच्या कापसात गुंडाळून घरात घेतलं. दुकानातली पिल्लांना चारायची पूड आणली, सिरिंज आणली, पण साहेब मान फिरवून बसायचे. शेवटी जुन्या कबुतरवाल्यांची रीत केली. भिजवलेले हरभरे चावून तोंडात धरले, तर त्यानं चोच थेट माझ्या तोंडात खुपसली आणि सगळं साफ केलं. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या सोफ्याला मी कापड उलट्या बाजूनं शिवलं. (त्याला ते जास्त आवडलं, हा भाग वेगळा.)

तोवर रमजान आला. हरभरा तोंडात घातला की रोजा गेला, असं अम्मीचं म्हणणं. मौलानांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, रोजा नसलेला माणूस मिळत असेल तर तू कशाला चावतोस? आमच्या गल्लीत रोजा नसलेला आणि दिवसभर रिकामा माणूस एकच. बाळासो एस.टी.च्या चंदगड गाडीवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. ते हौसेनं आले, पण पहिल्याच घासाला पिल्लू शिंकलं आणि पाठ करून बसलं. तंबाखूचा वास, दुसरं काय. अम्मीनं त्यांच्या हातातली चंचीच काढून घेतली. म्हणाली, "पाखरू मोटं हुईपतोर ही माझ्याजवळ ऱ्हाईल."

आपा, हा माणूस तंबाखूचा बार भरल्याशिवाय गाडीला किल्ली लावत नसे. दिवाळीत डॉक्टरांनी त्यांच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा बघून तंबाखू सोडायला सांगितली, तर यांनी डॉक्टर सोडला. तेच बाळासो आता रोज दात घासून, चूळ भरून हजर होतात. चिडचिड एवढी करतात की त्यांच्यापुढं आम्ही रोजेदार शांत दिसतो. सवयीनं हरभराच तळहातावर मळत बसतात. पण पिल्लानं चोच घातली की डोळे मिटून अगदी गप्प होतात. ते बघून मला फार बरं वाटतं.

परवा त्यांच्या मिसेस शालूबाई मागच्या दारानं आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. तर अम्मीचा हात धरून म्हणाल्या, "लालबीकाकी, पाखरू लई बिगीनं मोटं करू नगासा." आणि रडायला लागल्या. मग अम्मीही रडली. मी शिलाई मशीनमध्ये डोकं घालून तेल घालायला लागलो. (तेल सकाळीच घातलं होतं.)

ईदला दोघंही नक्की या. दुलाभाईंना सलाम सांगा.

तुमचा,
इकबाल

ता. क. पिल्लू आता आपलं आपण दाणे टिपतं. मी बघितलंय. अम्मीनं दाण्यांचं भांडं पिठाच्या डब्यामागं लपवलंय. एवढं खोटं अल्ला माफ करेल, असं ती म्हणते.

ता. क. २. पत्र पाकिटात घालता घालता उघडलं. आत्ता खोलीत गेलो तर पिल्लू फरशीवर सांडलेली ज्वारी टिपत होतं आणि बाळासो पायानं दाणे चटईखाली सारत होते. मला बघून म्हणाले, "अजून जमत न्हाय रं त्येला." मी व्हय म्हणालो.

ता. क. ३. तर दुलाभाईंच्या कबुतरांत एखादं मागं पडलेलं पिल्लू असेल तर ईदला येताना घेऊन या. अशक्तच पाहिजे असं नाही. भुकेलं असलं तरी पुरे.