कमानीमागची दुकानं

२ ऑक्टोबर, दसरा
आजपासून रोजनिशी. सार्वजनिक कामातल्या माणसाने लिहावी.
दुकानाची पूजा झाल्यावर सुचित्राने शांतपणे सांगितलं, एका कॉफीवाल्या कंपनीला आपली जागा भाड्याने हवी आहे. ही दिवाळी बरी गेली तर ती त्यांना 'नाही' कळवणार, नाहीतर 'हो'. दुकान बाबांचं. लेस, अस्तर, ब्लाउजपीस. गल्ल्यावर बायको, म्हणजे सुचित्रा, बसते, बाहेरचं मी बघतो.
संकल्प: डिलाईल रोडची आपली ही गल्ली दिवाळी खरेदीसाठी मुंबईभर गाजवायची. सिगारेट बंद.

४ ऑक्टोबर
दुकानदारांची मीटिंग. चष्मेवाला राजरत्न म्हणाला, इन्स्टावर रील टाकू आणि रविवारी दुकानं उशिरापर्यंत उघडी ठेवू, बस. पोरगा हुशार, पण अनुभव नाही. मी इतकी वर्षं गणपती मंडळात घालवली. माणसं जमवायची तर कमान लागते, स्टेज लागतं, सत्कार लागतो. सत्कार म्हटल्यावर रेडीमेड कपडेवाले दौलतदादा हळवे झाले. म्हणाले, अख्खो जल्म ह्या दुकानात गेलो, माका कोणी साधो नारळ दिलो नाय. ठराव मंजूर, कार्यक्रम १२ तारखेच्या रविवारी.
सिगारेट एकच. मीटिंगचं टेन्शन.

७ ऑक्टोबर
समोरच्या टॉवरमधल्या प्रितीमॅडमना भेटलो. तिथल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिन. रविवारी संध्याकाळी सगळ्यांना घेऊन येते म्हणाल्या. त्यांना लेहेंग्याला मॅचिंग लेस हवी आहे, मॉलमध्ये कुठेच मिळाली नाही. म्हटलं, आमच्याकडे मिळणारच.
हे ऐकून सुचित्रा कितीतरी दिवसांनी हसली. लगेच दादरला जाऊन नवे रंग घेऊन आली. रविवार साधला तर कंपनीला 'नाही' कळवून मोकळी होते, म्हणाली.

९ ऑक्टोबर
कमान उभी राहिली. मधोमध माझा फोटो, खाली 'आपली गल्ली, आपली खरेदी'. खांबामागे राजरत्नची पाटी झाकली गेली, तो चिडला. मोठ्या कामात थोडं सोसावं लागतं. सुचित्राने विचारलं, सत्काराच्या वेळी गल्ल्यावर कोण बसणार? म्हटलं, थोडक्यात आटपतो. बायकांना डिटेलची फार काळजी.

१२ ऑक्टोबर, रविवार, दुपारी
सगळ्या दुकानदारांनी जोडीने स्टेजवर बसायचं. मंडळात असंच असतं, एकाला वगळलं की तो वर्षभर धरून बसतो. सुचित्रा म्हणते, मी दुकानातच थांबते. म्हटलं, आयोजकाचीच बायको स्टेजवर नाही तर लोक काय म्हणतील? ती पदर खोचून निघाली. शटर मीच ओढलं.

तोच दिवस, कार्यक्रमानंतर
अभूतपूर्व. टॉवरमधल्या बायका खरंच आल्या, घोळक्याने. मी माईकवरूनच स्वागत केलं, पुढच्या खुर्च्या दिल्या, चहा दिला. दौलतदादांच्या खांद्यावर शाल घातली तर ते रडले. मग मनोगतं. मनोगत कसं थांबवणार?
माझं भाषण विशेष. मॉलमध्ये मिळत नाही ते इथे मिळतं, असं म्हणालो तेव्हा प्रितीमॅडमनी वळून बंद शटरं पाहिली. मांडीवर लेहेंग्याची पिशवी होती. सुचित्रा स्टेजवरून उठलीच होती, पण तेवढ्यात ओटीसाठी तिचं नाव पुकारलं गेलं. ओटी अर्धी भरून कोण उठतं? ती खाली उतरली तोवर खुर्च्या रिकाम्या.
नंतर मॅडमचा मेसेज आला. फंक्शन छान झालं, मग आम्ही दादरला गेलो. 'छान' हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे.
सुचित्रा न जेवताच झोपली. दगदग झाली असेल.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
लोक कमानीखाली सेल्फी काढतात आणि पुढे जातात. म्हणजे प्रसिद्धी होते आहे. दिवसभर दुकानाच्या दारात उभा राहिलो. एक बाई आली. टॉवरचं गेट कुठे, असं विचारून गेली. टॉवरवाल्यांची खरेदी गेल्या रविवारीच उरकली म्हणे. राजरत्नने काल खांब स्वतःच सरकवला. त्याच्याकडे दोघंतिघं आत दिसले. योगायोग.
सिगारेट मोजायचं सोडलं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
आरती झाली. सुचित्राने हात पुसले आणि माझ्यासमोर फोन करून कंपनीला हो कळवलं. म्हणायचं होतं की थांब, पाडवा आहे अजून, भाऊबीज आहे. बाबांच्या फोटोकडे बघवेना. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

२४ ऑक्टोबर
कंपनीचा माणूस जागेचं माप घ्यायला आला. कमान त्याला आवडली. गर्दीसुद्धा जमली होती असं ऐकलं म्हणाला, आमच्या ओपनिंगलाही असंच काहीतरी करा. बरं वाटलं. कदर करणारी माणसं अजून आहेत. लगेच डोक्यात स्टेज कुठे येईल ते दिसायला लागलं.
सुचित्रा खाली बसून लेसची रिळं खोक्यात भरत होती. इतके दिवस फक्त कामापुरतं बोलायची. आज मान वर करून माझ्याकडे बघून बोलली. म्हणाली, त्यांचा तेवढा सत्कार करू नका. त्यांचं तरी दुकान चालू दे.